दूध कोमट व्हायला किती मिनिटं लागतात

गेल्या डिसेंबरात आईच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर फोड आला. कशाने आला ते तिला सांगता येईना. दोन दिवसांनी, रात्री विरजण लावताना, माझ्या लक्षात आलं. पातेल्यातल्या दुधात तिने बोट बुडवलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "झालं कोमट." मी पातेल्याला बाहेरून हात लावला आणि लगेच मागे घेतला. दूध कोमट नव्हतं, चांगलं कढत होतं.

आईचं वय चौऱ्याहत्तर. वीस वर्षांपासून साखर आहे. पायांच्या तळव्यांची जाणीव कमी झाल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, बोटांचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्या आठवड्यात तीनदा दही लागलं नव्हतं आणि ती तिन्ही वेळा थंडीला दोष देत होती. थंडी होतीच म्हणा. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटत होत्या, आणि आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. पण दही न लागण्याचं कारण थंडी नव्हती. इतक्या गरम दुधात घातलेलं विरजण मरत होतं.

साठ वर्षं जिच्या बोटावर घरातलं दही लागत आलं, तिला "आता तू नको लावूस" असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. बायको म्हणाली, थर्मामीटर आणून दे. आणलाही. आईला त्यावरचे बारीक आकडे दिसत नाहीत, आणि उभं राहून पुन्हा पुन्हा बघायचं तर गुडघे दुखतात. भिंतीवरचं घड्याळ मात्र तिला लांबून दिसतं, आणि मोबाईलवर गजर लावायला ती नातीकडून शिकली आहे. म्हणजे दूध उतरवल्यापासून किती मिनिटांनी विरजण घालायचं एवढं तिला सांगता आलं, तर बोटाचं काम घड्याळाने होणार होतं.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये आहे, बावीस वर्षं झाली. साडेआठशे अंशांवर लाल झालेला जॉब भट्टीतून काढून तेलात सोडायचा, मग टेम्परिंग, म्हणजे कमी तापमानाला पुन्हा तापवणं. तापमान आणि वेळ यांच्यावरच पोट आहे. तरी एक लिटर दूध किती मिनिटांत विरजणाला लागणाऱ्या बेचाळीस अंशांवर येईल हे मला सांगता येत नव्हतं. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला म्हटलं, चल, मोजू.

आधी थर्मामीटर तपासला. बर्फाच्या पाण्यात शून्य आला. उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव आला, तशी ती म्हणाली, "बाबा, बिघडलाय, परत देऊन टाका." बिघडलेला नव्हता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी इथे दोनेक अंश आधीच उकळतं. पुस्तकातले शंभर अंश समुद्रकाठचे.

जानेवारीतल्या एका शनिवारी, स्वयंपाकघरात १८ अंश असताना, म्हशीचं एक लिटर दूध नेहमीच्या पसरट स्टीलच्या पातेल्यात उकळवलं आणि आई ठेवते तसं ओट्याच्या दगडावर, झाकण न ठेवता उतरवलं. दर दहा मिनिटांनी, हलकेच ढवळून, आकडा लिहायचा. असे आले: सुरुवातीला ९२, मग ७५.५, ६४, ५५.५, ४८.८, ४३.३ आणि तासाभराने ३८.८.

हे आकडे सरळ रेषेत उतरत नाहीत हे बघताक्षणी कळतं. पहिल्या दहा मिनिटांत साडेसोळा अंश गेले, शेवटच्या दहा मिनिटांत साडेचार. मुलीने ते मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये भरले, आलेख काढला आणि ट्रेंडलाइनच्या यादीतून "एक्सपोनेन्शियल" निवडलं. ठिपक्यांतून छान वळणाची रेघ गेली. सोबत समीकरण आलं: ८७.७ पासून सुरुवात, आणि दर मिनिटाला तापमान आधीच्या ०.९८६ पट. आर-स्क्वेअर, म्हणजे रेघ ठिपक्यांना किती जुळते त्याचं माप (पूर्ण जुळली तर १), ०.९९. तिला वाटलं काम झालं. मलाही वाटलं.

मग तिने सहज दोन तासांचा आकडा घालून बघितला. उत्तर आलं १६ अंश.

"बाबा, स्वयंपाकघर तर अठरावर आहे. दूध त्याच्याहून गार कसं होईल?"

चार तास घातले तर तीन अंश. म्हणजे त्या समीकरणाप्रमाणे दूध ओट्यावर ठेवलं की आपोआप फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं गार होणार. ०.९९ आर-स्क्वेअर असलेली रेघ असं सांगत होती. मी दहा मिनिटं त्या आकड्यांकडे बघत बसलो. चूक कुठे आहे ते मला माहीत असायला हवं होतं, कारण बारावीला हे मी शिकलो होतो. डिफरेन्शियल इक्वेशनच्या धड्यात न्यूटनच्या शीतकरणाच्या नियमाची गणितं असतात. एखादी वस्तू २५ अंशांच्या खोलीत अर्ध्या तासात ८० वरून ५० वर आली, तर एक तासाने किती, अशा जातीची. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या गणितात ८० आणि ५० ची गाठ पडतच नाही. गाठ पडते ५५ आणि २५ ची, म्हणजे खोलीपेक्षा वर असलेल्या अंशांची. अर्ध्या तासात ५५ चे २५ झाले, म्हणजे पुढच्या अर्ध्या तासात २५ चे त्याच पटीत ११.४ होतील, आणि उत्तर ३६.४. दुधाला शून्य अंश म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला फक्त आजूबाजूच्या हवेपेक्षा आपण किती गरम आहोत एवढंच कळतं, आणि त्या प्रमाणात ते उष्णता सोडतं. स्प्रेडशीटची एक्सपोनेन्शियल ट्रेंडलाइन मात्र नेहमी शून्याकडेच जाते. तिला खोलीचं तापमान विचारायची सोय नाही. ते आपण आधी वजा करून द्यायचं असतं.

वजा केलं. १८ काढल्यावर उरले: ७४, ५७.५, ४६, ३७.५, ३०.८, २५.३, २०.८.

आता कपाटातून माझं जुनं लॉग टेबल काढलं. लॉग म्हणजे दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते तो अंक, आणि अँटिलॉग म्हणजे त्याचं उलट. पिवळं पडलेलं, पाठीमागे माझ्या अक्षरात रोल नंबर. मुलीला कॅल्क्युलेटरवर एका बटणात लॉग मिळतो, तरी मी टेबलच काढलं, कारण बारावीला मी त्यातून शेकडो लॉग आणि अँटिलॉग काढले आणि ते का काढतोय हे कधीच विचारलं नाही. मोठे गुणाकार सोपे होतात एवढंच कळलं होतं. जॉन नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिदम छापले ते मुख्यतः त्यासाठीच, गुणाकाराची बेरीज व्हावी म्हणून. पण त्याच गुणामुळे आमचं काम होत होतं. दुधाचा फरक दर दहा मिनिटांनी ठरावीक पटीने घटत असेल, तर त्या फरकाचा लॉग दर दहा मिनिटांनी ठरावीक अंकाने उतरणार. पट म्हणजे गुणाकार, आणि लॉग घेतल्यावर त्याची वजाबाकी झाली. वळणाची रेघ सरळ होते, आणि सरळ रेघ पट्टीने मारता येते.

लॉग असे आले: १.८६९, १.७६०, १.६६३, १.५७४, १.४८९, १.४०३, १.३१८. ग्राफ पेपरवर ठिपके मांडले आणि त्यांतून रेघ ओढली. मग मुलीने रिग्रेशनने, म्हणजे सगळ्या ठिपक्यांना सर्वांत जवळची रेघ काढायच्या हिशेबाने, तीच पक्की केली. दर मिनिटाला ०.००९०७ ने उतार, सुरुवात १.८५४ वर. त्याचा अँटिलॉग ७१.५. म्हणजे खोलीच्या वर साडेएकाहत्तर अंश असल्यापासून सुरुवात, आणि दर मिनिटाला उरलेल्या फरकातले दोन टक्क्यांहून थोडे जास्त जातात. आर-स्क्वेअर आता ०.९९८. आधीच्या ०.९९ पेक्षा फारसा वेगळा दिसत नाही, पण या रेघेला दोन तास विचारले तर ती २३.८ सांगते, आणि रात्रभर विचारलं तर १८ च्या जवळ जाऊन थांबते.

आम्हाला हवे होते ४२ अंश. दह्याचे जिवाणू चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान खूष असतात, पन्नासच्या वर त्यांचे हाल होतात. ४२ म्हणजे खोलीच्या वर २४. चोवीसचा लॉग १.३८०. मग १.८५४ वजा १.३८० म्हणजे ०.४७४, त्याला ०.००९०७ ने भागलं की ५२. आमच्या पातेल्यात ४२ अंश प्रत्यक्षात त्रेपन्नाव्या मिनिटाला आले होते.

हे उत्तर आलं तेव्हा आई आत देवाजवळ दिवा लावत होती. मी जाऊन सांगितलं, "आई, बावन्न मिनिटं." ती म्हणाली, "आणि उन्हाळ्यात?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्यासाठीच समीकरण हवं होतं. नुसती बावन्न मिनिटं हवी असती तर एकदा घड्याळ लावून भागलं असतं. पण त्याआधी मला त्या ठिपक्यांतली एक गोष्ट खटकत होती, आणि ती सोडून पुढे जाववत नव्हतं.

लॉगचे ठिपके पट्टीवर नीट बसत नव्हते. पहिला रेघेच्या वर, मधले किंचित खाली, शेवटचा पुन्हा वर. दर दहा मिनिटांची उतरण बघितली तर ०.११०, ०.०९७, ०.०८९, आणि मग ०.०८५, ०.०८५, ०.०८५. म्हणजे अर्ध्या तासानंतर दूध नियमाप्रमाणे वागत होतं, आणि पहिल्या अर्ध्या तासात नियमापेक्षा जोरात गार होत होतं. मोजण्याची चूक असती तर ठिपके वरखाली कसेही पडले असते. हे तर ओळीने एकाच बाजूला झुकत होते.

आईला विचारलं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं: "सुरुवातीला वाफ किती जाते बघ. साय धरली की वाफ बसते." उघड्या पातेल्यातून निघणारी वाफ आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, आणि दूध जितकं गरम तितकी वाफ कितीतरी पटीने जास्त. न्यूटनच्या नियमात वाफेचा हिशेब नाही. पुढच्या शनिवारी आम्ही झाकण ठेवून तोच प्रयोग केला आणि लॉगची उतरण सुरुवातीपासून दर दहा मिनिटांना ०.०६९ च्या आसपास राहिली. ठिपके पट्टीला चिकटून. मला तो आलेख इतका आवडला की मी तो शॉपमध्ये नेऊन दाखवला. आईला मात्र झाकण मान्य नाही. झाकणाखालचं पाणी दुधात टपकतं आणि साय जाड येत नाही. लोणी-तुपाचा हिशेब त्या सायीवर असतो, त्यामुळे झाकणाचा विषय तिथेच संपला.

आणखी एक चूक आम्ही केली. पहिल्यांदा जास्त आकडे हवेत म्हणून चार तास मोजत बसलो होतो, आणि शेवटचे ठिपके लॉगच्या आलेखात वेडेवाकडे उड्या मारू लागले. थर्मामीटर अर्ध्या अंशाने चुकला तर, फरक ६० असताना लॉगमध्ये ०.००४ चा फरक पडतो. तोच अर्धा अंश फरक २ उरलेला असताना चुकला तर ०.१ ने ठिपका सरकतो. शिवाय तोवर बायकोने पोळ्या केल्या होत्या आणि स्वयंपाकघरच १८ चं २० झालं होतं. ज्या आकड्यातून आपण वजा करतो तोच हलला. म्हणून एका तासापुढचे आकडे टाकून दिले. रिग्रेशनला सगळे ठिपके सारखेच वाटतात, त्यातले भरवशाचे कुठले ते आपण ठरवायचं.

वाचता वाचता मला न्यूटनचा मूळ लेख काय होता ते कळलं, आणि त्याने मी दोन दिवस भारावलो होतो. १७०१ साली लंडनच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये तो लॅटिनमध्ये, नाव न घालता छापला. त्याच्याजवळ जवसाच्या तेलाचा थर्मामीटर होता, त्याच्या मापात बर्फ वितळतो ते शून्य आणि माणसाच्या अंगाची ऊब बारा. तो थर्मामीटर लाल तापलेल्या लोखंडाला लावणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने तापलेलं लोखंड गार होऊ दिलं, त्यावर धातूंचे तुकडे ठेवून ते कधी गोठतात त्या वेळा मोजल्या, आणि नियम धरून मागे मागे जात लोखंड किती तापलं होतं ते काढलं. तापलेल्या लोखंडाशी माझा रोजचा संबंध. आमच्याकडे त्यासाठी थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी धातूच्या तारांची जोडी, आहे. त्याच्याकडे घड्याळ आणि हा हिशेब होता. आणि त्याने ते लोखंड स्थिर हवेत नाही, एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवलं होतं. हे वाक्य मी तेव्हा नुसतं वाचून सोडून दिलं. त्याचं महत्त्व मे महिन्यात कळलं.

आता आईच्या प्रश्नाकडे. सुरुवात ८९.५ अंशांची (१८ अधिक ७१.५) आणि उतार तोच धरला, तर स्वयंपाकघर २४ असेल तर ६२ मिनिटं, ३० असेल तर ७७, आणि ३४ असेल तर ९३. उन्हाळ्यात जवळजवळ दुप्पट वेळ. कारण ३४ अंशांत ४२ म्हणजे हवेच्या वर फक्त ८, तिथवर पोचायला वळणाच्या रेघेच्या मंद उतरणाऱ्या शेपटीचा बराच भाग उतरावा लागतो. हे आकडे पुठ्ठ्यावर स्केचपेनने मोठे लिहून फ्रिजच्या बाजूला लावले. मे महिन्यात, ३४ अंशांत, त्र्याण्णवाव्या मिनिटाला थर्मामीटर घातला तर ४३ निघाले. बेचाळीस व्हायला आणखी सहा मिनिटं लागली. कारण शोधताना न्यूटनचा वारा आठवला. स्थिर हवेत भांड्याभोवतीची हवा तापून आपली आपण वर चढते आणि उष्णता नेते. फरक कमी असेल तर हवाही मंद चढते, आणि उताराचा तो ०.००९०७ हा अंकच थोडा कमी होतो. जानेवारीत काढलेला उतार मे महिन्यात जसाच्या तसा चालत नाही. वाहता वारा असेल तर ही अडचण राहत नाही, वारा स्वतःच उष्णता नेत राहतो. पुठ्ठ्यावर ९३ खोडून १०० लिहिले.

हिवाळ्यात दही न लागण्याचं दुसरं अर्धं कारण याच समीकरणात होतं. विरजण बरोबर ४२ ला घातलं तरी दूध गार व्हायचं थांबत नाही. दोनचा लॉग ०.३०१, त्याला ०.००९०७ ने भागलं तर ३३ मिनिटं. दर तेहेतीस मिनिटांनी फरक निम्मा. म्हणजे १८ अंशांच्या स्वयंपाकघरात उघडं ठेवलेलं दूध अर्ध्या तासात ४२ वरून ३० वर, आणि पुढच्या अर्ध्या तासात २४ वर. जिवाणूंचं काम सुरू व्हायच्या आत दूध गार. म्हणून आई थंडीत विरजण लावलेला डबा गोधडीत गुंडाळून कोठीत ठेवते. तेही मोजलं: ४२ वर ठेवलेला डबा दोन तासांनी उघडला तर ३६.५. लॉगचा उतार मिनिटाला ०.०००९४ निघाला, उघड्या पातेल्याच्या साधारण एक दशांश. त्या गोधडीत फरक निम्मा व्हायला सव्वापाच तास लागतात. जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली ती गोधडी आजीची आहे.

मुलीने मधेच देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर सरांचा ६१७४ काढला. नाशिकच्या मुलांना तो आकडा शाळेतच कळतो. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो. तिचं म्हणणं, दूधही कुठूनही सुरू करा, शेवटी खोलीच्याच तापमानावर येतं. खरं आहे, पण ६१७४ येऊन पोचतो. आमच्या समीकरणातलं दूध १८ वर कधीच पोचत नाही, दर खेपेला अर्धं अंतर उरतंच. यावर आम्ही दोघं जेवताना बराच वेळ बोलत होतो आणि आई मध्ये मध्ये "अरे, जेवा आधी" म्हणत होती.

दही आता रोज लागतं. आई गॅस बंद करते, भिंतीवरचा थर्मामीटर नातीला वाचायला लावते, पुठ्ठ्यावर मिनिटं बघते, गजर लावते आणि जपमाळ घेऊन बसते. फोड बरा झाला. रविवारी मिसळीबरोबर तिच्या हातचं घट्ट दही असतं.

मागच्या आठवड्यात पुठ्ठ्याकडे बघितलं तर खाली एक नवी ओळ दिसली. अक्षर आईचं, पेन्सिलने, थोडं थरथरतं: "ओट्याजवळची खिडकी उघडी असल्यास पाच मिनिटे कमी धरणे." तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, दोनदा गजर वाजेपर्यंत दूध जरा जास्तच निवलेलं होतं, दोन्ही वेळा वारा होता. थर्मामीटर मी शनिवारी पुन्हा काढणार आहे, एकदा खिडकी लावून आणि एकदा उघडी ठेवून.